कथिलाशिवायचा धागा

परळ, मुंबई
दि. १२ जानेवारी २०२५

चि. दर्शना हीस,
आजोबांचे आशीर्वाद.

येथे आम्ही उभयता ठीक आहोत. थंडीमुळे तुझ्या आजीचा गुडघा दुखतो. तू माटुंग्याच्या वसतिगृहात राहावयास गेल्यापासून मी तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा जेवणाची चौकशी करून ठेवून दिला. मला ती चौकशी करावयाची नव्हती.

तुझे बाबा सांगत होते की, नवी रीत सोडत असल्याचे तू बुधवारी प्रयोगशाळेतील सरांना कळविणार आहेस. शरीरात विरघळणारा टाक्यांचा धागा नेहमीप्रमाणे कथील न वापरता बनविण्यात तू तीन वर्षे घातलीस. कथिलाचा अंश रुग्णाच्या अंगात राहू नये, हा तुझा विचार मला पटला होता. मी तसे कधी बोललो नाही.

दिवाळीत प्रयोगशाळेतील कोरडे कपाट बिघडले, म्हणून त्या धाग्याच्या दहा कांड्या बंद पाकिटांत घरी ठेवून तू गावी गेलीस. जाताना हसत म्हणालीस, “आजोबा, पाकीट उघडू नका हां! हे तुमच्या गिरणीचं सूत नाही.”

ते मला लागले. मी चौथी पास आहे. परंतु गिरणीत बावीस वर्षे साचे, म्हणजे माग, चालविले आहेत. साचेखात्यात पाण्याचे फवारे असत. कोरडे सूत तुटते, ओलसर सूत टिकते, हे मला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. मी पाकिटे उघडली. कांड्या आठ दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. तुझी आजी म्हणालीसुद्धा, “अहो, त्या सुताक आंघोळ कित्याक घालतास?” मी तिला गप्प केले. नंतर पाकिटांच्या कडा इस्त्रीने पुन्हा चिकटविल्या. त्या सरळ जमल्या, याचा मला अभिमान वाटला.

चाचणीत धागा तुटला. तू रडत घरी आलीस, तेव्हा मी म्हणालो, “असलं सूत आमच्या जॉबर मुकादमानं तोंडावर फेकलं असतं.” तू त्याच दिवशी सामान भरलेस.

तुझ्यासोबत काम करणारा सिद्धार्थ गेल्या रविवारी येथे आला होता. “आजोबा, धागा माझ्यामुळे बिघडला असं धरून ती बोलतच नाही माझ्याशी. तिला एवढंच सांगा, मी कच्चा माल तीनदा वाळवला होता. दमट हवेतसुद्धा हा धागा कुजतो, मी कशाला हयगय करीन?” मी त्याला चहा दिला. दुसरे काही सांगितले नाही. ओल्या फडक्यात ठेवून धागा मीच कुजविला, हे तो गेल्यावर मला उमगले. गिरणी बंद झाली तेव्हाही एवढा थकलो नव्हतो.

तुझी रीत चुकली की नाही, हे अद्याप कोणालाच ठाऊक नाही. पुन्हा तसाच धागा कर आणि कोरडा ठेवून तपास. बुधवारी हे पत्र सरांसमोर ठेव. सिद्धार्थलाही वाचावयास दे. माझे वय पुढे करून मला सोडवू नकोस. घरी केव्हा यावयाचे, ते तू ठरव.

तुझा धागा बिघडविणारा,
गुणाजी लवू परब