मागच्या सीटचं हेल्मेट

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शी! मागच्या सीटचं हेल्मेट आज हुंगून पाहिलं. लाँड्रीच्या काउंटरवर दिवसभर लोकांच्या कॉलरी बघणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? कुणाला कुठे घाम येतो, कुणाचा नवरा कुणाच्या खांद्यावर टेकला होता, सगळं मला डागावरून कळतं. आणि माझ्याच घरातलं कळलं नाही.

हे हेल्मेट माझं. पण एरवी मी त्याला हातही लावत नाही, मोटरसायकलवर माझी पाठ धरते. आज बाजारात जायचं म्हणून काढलं, तर आत वास — पावडरीचा आणि दुखण्यावरच्या बामचा. पट्टा आवळून ठेवलेला, माझ्या हनुवटीखाली पुरेना. आणि अस्तरात अडकलेला एक लांब केस. टोकाला काळा, मुळाशी पांढरा.

म्हणजे बाई. तीही म्हातारी! निदान माझ्यापेक्षा तरुण तरी बघायची.

बुधवार, ५ फेब्रुवारी

विचारलं नाही. जेवताना नवऱ्याची नखं बघत बसले. गॅरेजवाल्याची नखं ती — कडेचं ग्रीस कितीही घासलं तरी जात नाही. लग्नाआधी मला त्याचंही कौतुक होतं. आईला नव्हतं. "असल्या हातांत मी माझी मुलगी देणार नाही," असं ती त्याच्या तोंडावर म्हणाली होती, त्याच्या हातात आमच्याच घरचा चहाचा कप असताना. त्या दिवशी मी घर सोडलं ते सोडलंच. ना ती आली, ना मी गेले. दादा अधूनमधून फोन करतो. आईचं नाव निघालं की मी फोन ठेवते.

त्या हातांपायी आई सोडली. आज त्याच हातांनी वाढलेली भाजी तशीच ताटात टाकून उठले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

गुरुवारी माझी दुहेरी पाळी असते. दुपारी सहज गॅरेजवर फोन केला. शेजारच्या पंक्चरवाल्याने उचलला. "ते देवळात गेलेत ना वहिनी. दर गुरुवारी जातात की." देवळात! घरातल्या देवापुढे ज्याचे कधी हात जोडले जात नाहीत, तो तासभर गाडी चालवून गावाबाहेरच्या जुन्या देवळात जातो! खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे.

रात्री म्हटलं, रविवारी मलाही ने तुझ्या देवळात. त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "चल. मलाही वाटतच होतं, एकदा तू यावंस." काय तो निगरगट्टपणा.

रविवार, ९ फेब्रुवारी

सगळं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

जाताना गाडी इतकी हळू चालवली की एक सायकलवाला पुढे निघून गेला. प्रत्येक खड्ड्याआधी मान वळवून म्हणायचा, "धरून बस." मला कधी एवढं जपून नेलं नव्हतं. ही सवय दुसऱ्याच कुणासाठी लावून घेतलेली. तोंडात धूळ, पुढच्या ट्रकचा धूर, आणि नाकात तो बाम!

देऊळ फार जुनं आहे. काळ्या दगडाचं, नखशिखांत कोरलेलं. पण कुणा भक्ताने त्यावर ऑइलपेंट थापलाय. गुलाबी हत्ती, पोपटी द्वारपाल, आणि दारावरच्या नर्तकीला चक्क लिपस्टिक. तळपाय तेलाने चिकचिकले. कोपऱ्यात कुजलेल्या फुलांचा ढीग, वर माशा, खाली प्लॅस्टिकच्या पिशव्या. छताला वटवाघळं, त्यांची घाण थेट नंदीच्या पाठीवर. गाभाऱ्यात पुजाऱ्याने काख खाजवली आणि त्याच हाताने तीर्थ दिलं. मी ते बोटांमधून गळू दिलं. देवाने मला माफ करावं, पण आधी स्वतःचं घर झाडून घ्यावं.

हा मात्र गाभाऱ्यात आलाच नाही. सभामंडपातल्या एका खांबापाशी जाऊन नुसता उभा. मी म्हटलं, हीच का तुझी भक्ती?

बाहेर येऊन चपलांशेजारी ठेवलेलं हेल्मेट मी डोक्यात चढवलं. चपला सांभाळणारी बाई त्याच्याकडे बघून हसली, मग मला म्हणाली, "आज सासूबाईंना नाही आणलं?"

माझी सासू लग्नाआधीपासून भिंतीवर फोटोत आहे.

"त्या खांबाला टेकून बसतात बघा. बोलायला फार गोड. पण दर वेळी माझं नाव नव्याने विचारतात. लेकावर केवढी माया हो त्यांची."

मी त्याच्याकडे बघितलं. तो चपलांकडे बघत होता. म्हणाला, "तुझी आई."

आई! आईच ती. पावडर, बाम, अर्धवट रंगवलेले केस — कसं ओळखलं नाही मी! आणि चपलावालीचं नाव तिच्या कशाला लक्षात राहील? हलकं काम करणाऱ्याचं नाव तिने कधी लक्षात ठेवलंय? तो "ऐक तरी" म्हणाला. मी नाही ऐकलं. समोर आलेल्या बसमध्ये चढले. बसल्यावर समजलं, हेल्मेट डोक्यातच आहे. सगळी बस बघत होती. मी तसंच राहू दिलं, डोळे तरी कुणाला दिसले नाहीत.

सोमवार, १० फेब्रुवारी

दुसरी बाई असती तर बरं झालं असतं, असं आज काउंटरवर शर्ट मोजता मोजता वाटलं. तिला शिव्या तरी देता आल्या असत्या.

ज्याच्यासाठी मी आईला सोडलं तो, आणि जिने त्याला दारातून घालवलं ती — दोघं मिळून देवदर्शनाला जातात! नाकाने कांदे सोलणारी बाई आता त्याच्या कमरेला धरून हिंडते. मला एका शब्दाने विचारायला नको? मधल्या मध्ये मीच मूर्ख. दोघांचीही किळस आली आहे.

संध्याकाळी माळ्यावरची बॅग काढली. त्याला सांगून टाकलं: येत्या गुरुवारी तिला घेऊन गेलास, तर आल्यावर मी घरात नसेन. म्हणाला, "मला जावं लागेल. ती वाट बघत बसते." माझी कधी बसली होती का?

बुधवार, १२ फेब्रुवारी

बोलणं बंद. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतो. बॅगेत साड्या भरल्या, त्यांनाही कुठून कोण जाणे, ग्रीसचा वास.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

गेलाच. परत आला तेव्हा मी दुसरी पाळी सोडून बॅग घेऊन दारात. तो बाजूला होईना. तिथेच उभ्या उभ्या बोलला आणि मी पहिल्यांदा ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी आई एकटीच चालत त्याच्या गॅरेजवर आली. टायरवर बसली आणि म्हणाली, देवळात सोडतोस का रे. हा कोण ते तिला माहीत नाही. तिला आता कुणीच लक्षात राहत नाही, दादासुद्धा कधी कधी. दादा मला फोनवर तेच सांगू बघत होता. दर गुरुवारी हा तिला नव्याने भेटतो. खांबाला टेकून बसली की ती त्याचे हात हातात घेते, नखांवरून बोट फिरवते आणि दर वेळी तेच म्हणते.

"असे कष्टाचे हात हल्ली दिसत नाहीत. लग्न झालंय का रे तुझं? माझी एक मुलगी आहे."