खाटेजवळची बेल

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

लातूर, ९ फेब्रुवारी

ती. स्व. उमाअण्णास, शिवकांताचा शि. सा. नमस्कार.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. सगळे सांत्वनच करतात आणि मला ‘हो, हो’ म्हणायचा लई कंटाळा आलाय. मी बरी आहे. जेवते, झोपते. हे गेल्यापासून रडू येत नाही, सासूबाईंना त्याचीच काळजी.

नव्या घराचं प्लास्टर सोमवारी सुरू होईल. विजेच्या बटणांचे बॉक्स सगळे कमरेखाली बसवायचे ठरले होते, यांचा हात व्हीलचेअरवरून पोचावा म्हणून. जागा यांनीच खुर्चीत बसून पेन्सिलीनं आखल्या. खाटेजवळ बेलचं बटण, ती स्वयंपाकघरात वाजावी. जुन्या घरात हे ताटली वाजवून बोलवायचे ना! व्यंकटी वायरमननं तशा भिंतीत खाचा फोडून ठेवल्यात. आता भावकी म्हणते, दवाखान्यासारखं दिसेल, वर घ्या. मला काही सुचत नाही. तुझं बटणांचंच दुकान, तूच ठरव.

वहिनीस नमस्कार. लोभ आहे तसाच असू द्यावा.

तुझी शिवकांता

नांदेड, १२ फेब्रुवारी

चि. सौ. शिवकांतास, उमाशंकरचे अनेक आशीर्वाद.

बॉक्स एसटीच्या पार्सलनं पाठवलेत, ही चिठ्ठीही त्यातच आहे. लोखंडीच दिलेत. प्लास्टिकच्यांचे कान स्क्रू पिळला की तुटतात. तुझे मी लहानपणी पिळायचो ते टिकले, तेवढे मजबूत नसतात ते. व्यंकटीला सांग, बॉक्स विटेच्या बाहेर प्लास्टरच्या जाडीइतका काढ, नाहीतर आत जातो आणि प्लेट नीट बसत नाही. तोंडात चिंध्या कोंबा, म्हणजे सिमेंट भरणार नाही.

सगळे वर घे. बेलचाही. ती आता कोण दाबणार बाई? कठोर वाटेल, पण रोज डोळ्यांपुढं दिसून तुलाच त्रास. महांतेशराव मलाही सोडून गेलेत. दुकान उघडून बसून राहिलो, गिऱ्हाईकाशी बोलावंसं वाटत नाही.

तुझ्या सासूबाई नीलाबाईंना नमस्कार. जीवाला जप, एवढंच मागणं.

तुझा अण्णा

लातूर, २० मार्च

ती. स्व. अण्णास शि. सा. नमस्कार.

सवयीनं ‘सौ.’ लिहून गेलास. मनाला लावून घेऊ नकोस. मला ते वाचून काही झालं नाही. चिंध्यांसाठी यांचे बनियन फाडले, तेव्हाही काही झालं नाही. माझी मलाच भीती वाटली.

बॉक्स वर घेतले. बेलचा राहिला. व्यंकटी छिन्नी घेऊन उभा होता आणि माझ्या तोंडून हो निघेना. शेवटी त्यानं तो खालीच बसवला.

काल लाईट जोडली. मी ओट्यावरचं सिमेंट खरवडत होते आणि बेल वाजली. मी “आले, आले” म्हणत, पदराला हात पुसत खोलीच्या दारात गेले. व्यंकटी भिंतीपाशी उकिडवा बसला होता. “वाजली का, अक्का?” म्हणाला. मी दारातच बसले आणि लई रडले. सासूबाईंनी गप्प केलं नाही.

आता त्या खोलीत सासूबाईंची खाट टाकलीय. सकाळपासून त्यांनी दोनदा बेल दाबली. दोन्ही वेळा गेले. काम काहीच नव्हतं. म्हणाल्या, बस जरा.

बेलची प्लेट वाकडी बसलीय, ती नीट करायला ये. लोभ तेव्हा समक्षच.

शिवकांता