दार लागले आणि दार लावले

प्रिय ठके,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: त्या गाडीचे, चालकाशेजारचे दार आपोआप लागत नव्हते. विधान लहान आहे. ते सिद्ध करायला मला सतरा वर्षे उशीर झाला, हे आधीच मान्य करून पुढे जातो. पत्र न वाचता फाडलेस तर तो तुझा अधिकार आहे. वाचणार असशील तर मात्र क्रमाने वाच. मधले सोडून शेवट गाठायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

गेल्या हिवाळ्यात गच्चीच्या कठड्यासाठी जुने गज शोधायला मी भंगाराच्या आवारात गेलो होतो. मोटारी चेपायच्या यंत्राजवळ रांगेत तिसरी ती उभी होती. पुढची काच नव्हती, टप आत दबलेला, बॉनेटवर परातीएवढे खळगे. मी ती आसनांच्या खोळींवरून ओळखली. करड्या पट्ट्यांचे कापड, आणि कोपऱ्यांवर तुझी दुहेरी शिवण. उंदरांनी सगळे कुरतडले होते, शिवण तेवढी शाबूत होती. भंगारवाल्याने सांगितले की मालकाने शेड मोकळी केली. गाडीची ही दशा अपघाताने झालेली नाही हेही त्याने सांगितले. शेजाऱ्यांकडून त्याने सगळे ऐकले होते. तू घर सोडलेस त्या दिवशी मेहुणे पहार घेऊन अंगणात आले आणि अर्धा तास गाडीला मारत राहिले. मग तिला शेडमध्ये ढकलून वर ताडपत्री टाकली. तू हाताशी नव्हतीस म्हणून गाडी होती, हा निष्कर्ष कोणालाही काढता आला असता. मी तुझे घर सोडणे ऐकले होते. पहारीचे ऐकायला मी तिकडे फिरकलोच नव्हतो.

मी गाडी लोखंडाच्या भावात घेतली. भंगारवाल्याला वाटले, मास्तरांना म्हातारचळ लागला. मी अजून मेहुण्यांना अहो-जाहो करतो आहे हे तुझ्या लक्षात आले असेल. मुद्दा सिद्ध होईपर्यंत प्रतिपक्षाचा मान राखावा लागतो.

आता मूळ प्रसंग. तुला त्याची आठवण करून द्यायची गरज नाही, युक्तिवादाला आहे. दवाखान्यातल्या नर्सने शंका काढली, म्हणून मेहुणे तुला घेऊन माझ्याकडे आले. घरातल्या वडीलधाऱ्यासमोर खुलासा व्हावा, असे त्यांचे म्हणणे. तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मी टेबलापाशी बसून तुला तीन प्रश्न विचारले: कोणते दार, गाडी कुठे उभी होती, दार कसे बंद झाले. तिसऱ्यावर तू म्हणालीस, "दार लागलं." बाकीचे मेहुण्यांनी पुरवले. घरासमोरचा उतार, इंजिन चालू, बिजागरी सैल, हादऱ्याने दार फिरले आणि तुझी बोटे मध्ये होती. चौथ्या दिवशी तू एकटी आलीस आणि उभ्या उभ्या म्हणालीस, "त्यांनी लावलं, दादा. मुद्दाम लावलं."

त्यावर मी काय केले ते तुला पाठ असेल. लागणे या क्रियेला कर्ता नाही आणि लावणे या क्रियेला आहे, एकाच घटनेविषयी ही दोन्ही विधाने खरी असू शकत नाहीत, असे मी तुला समजावले. पहिले विधान घटनेच्या अधिक जवळचे आणि उभय पक्षांसमोर केलेले, म्हणून ते ग्राह्य. हे मी कागदावर लिहून तुला वाचून दाखवले. मग तुझी पिशवी उचलून बसथांब्यापर्यंत आलो आणि तुला परत पाठवले. तुझ्या पाठीमागून मावशीची मुलगी मला म्हणाली होती की दादा, तुम्ही माणूस आहात की व्याकरणाचं पुस्तक. मला ती स्तुती वाटली. त्यानंतर सहा महिने तू त्या घरात राहिलीस. त्या सहा महिन्यांबद्दल माझ्याकडे काहीही पुरावा नाही, कारण तू पुन्हा माझ्याकडे आली नाहीस.

मेहुण्यांच्या खुलाशात इंजिन चालू होते. म्हणून न्याय्य परीक्षेसाठी इंजिन चालू होणे भाग होते. नुसते दार हलवून मी निकाल दिला असता तर तो त्यांच्यावर अन्याय झाला असता. मी ज्या मिस्त्रीकडे गाडी नेली तो धिप्पाड आहे, त्याचा एक कान अर्धा तुटलेला आहे आणि तो गिऱ्हाइकाचे तोंड पाहून बोलत नाही. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मास्तर, ही गाडी नाही, पंचनामा आहे."

दीड महिना लागला. टाकीतले पेट्रोल डिंकासारखे झाले होते आणि त्याला कुजका वास होता. हवेच्या नळीतून उंदरांची घरटी निघाली, त्यांत वाळलेली पिल्ले. इंजिन जाम होते; त्यात तेल ओतून आठ दिवस ठेवले आणि मग मिस्त्री लांब दांडा लावून ते रोज थोडे थोडे हलवू लागला. पाचव्या दिवशी दांडा निसटून त्याच्या भुवईवर बसला. रक्त इंजिनावर ठिबकत असताना त्याने गाडी घडवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, फडके बांधले आणि पुन्हा दांड्याला हात घातला. ब्रेकची स्प्रिंग सुटून भिंतीतला गिलावा घेऊन गेली. टप आतून जॅक लावून वर रेटला तेव्हा पत्रा असा किंचाळला की शेजारच्या सुताराने करवत थांबवली. पहिल्यांदा इंजिनाने पेट घेतला तो शब्दशः. धुरावरून अग्नीचे अनुमान मी पस्तीस वर्षे शिकवले. त्या दिवशी धूर आणि अग्नी एकदमच आले. मिस्त्रीने गोणपाटाने आग विझवली, माझ्या हातावरचे केस जळाले, आणि तो म्हणाला की आता ही मरायची नाही, हिला राग आलाय. दुसऱ्या खेपेला ती चालली.

दाराला मी हात लावू दिला नव्हता. ते उघडे धरून ठेवणारी लोखंडी पट्टी मूळचीच होती, झिजलेली नव्हती, आणि ती जागेवर असता दार ढकलल्याशिवाय मिटत नाही. विधान इथेच सिद्ध होत होते. तरीही मी प्रतिपक्षाला शक्य तेवढी सवलत दिली. पट्टी काढून टाकली, बिजागरी सैल केली, आणि एका सकाळी दहाच्या सुमारास मिस्त्रीसह गाडी त्याच उतारावर, त्यांच्या घरासमोर नेऊन उभी केली. दोन-तीन रबरी हातमोज्यांत ओली माती भरली होती आणि प्रत्येक बोटात वेताची एक काडी. इंजिन चालू ठेवून आम्ही दार वीस वेळा सोडले. ते फिरले, मोज्यावर टेकले, थांबले. एकही काडी मोडली नाही. मग मिस्त्रीने ते ताकदीने लावले. काड्या मोडल्या, सगळ्या एका रेषेत.

ती एक रेषा पाहून मला तुझ्या हाताचा एक्स-रे आठवला. खुलाशाच्या वेळी मेहुण्यांनी टेबलावर ठेवलेला तो माझ्याच फायलीत आहे. सतरा वर्षे तो माझ्याजवळ होता. त्यात मोडल्याच्या रेषा तीन आहेत, एकीपासून दुसरी बोटभर दूर. दार तीनदा लावले होते. म्हणजे दोनदा ते उघडले होते, आणि दोन्ही वेळा तुझा हात तिथेच धरून ठेवलेला होता.

तेवढ्यात तो बाहेर आला. यापुढे एकवचन पुरे. साठी उलटली तरी अंगाने भक्कम आहे. त्याने गाडी ओळखली, मोजा पाहिला आणि हसून विचारले की मास्तरांची शिकवणी अजून चालूच का. मी म्हणालो, दार आपोआप लागत नाही. तो म्हणाला की तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते आणि निकाल तुम्हीच दिलात, मी तर नुसता उभा होतो. निकालापुरते हे खरे होते. मग त्याने मिस्त्रीला बाजूला सारले, नवा मोजा खाचेत ठेवला आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून मला म्हणाला, "असं नुसत्या मनगटानं नाही होत, मास्तर. कमरेतून जोर घालावा लागतो." आणि दाखवले.

जॅकचा दांडा पायदानावर होता. पहिला फटका मी त्याच्या उजव्या मनगटावर मारला, दुसरा तिथेच, तिसरा कोपरावर. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा असतो असे म्हणतात. तो तसा नसतो, ओल्या लाकडासारखा असतो. तो गुडघ्यांवर आला आणि त्याने डोके डाव्या हाताने झाकले. इथे थांबलो असतो तर तीन रेषांना तीन फटके, असे काही तरी म्हणता आले असते. मी चौथा जबड्यावर मारला. त्याचे दात उतारावरून घरंगळत गेले. चौथा फटका कोणत्याही युक्तिवादात बसत नाही. पाचवा मिस्त्रीने मला कवेत धरले म्हणून झाला नाही. मला तो मारायचा होता, आणि मला बरे वाटत होते. ही नोंद मी मुद्दाम करतो आहे. हे सुख त्यानेही घेतले असणार, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळले.

तो जगला. जबडा तारांनी बांधला आहे, उजवा हात यापुढे कामाचा नाही. मिस्त्री भला माणूस; पोलिसांपुढे तो सांगू लागला की मास्तर जॅक काढत होते, दांडा निसटला आणि ह्यांना लागला. त्याच्या भुवईवरचा व्रण ताजा होता, त्यामुळे ते पटलेही असते. मी त्याला थांबवले आणि अंमलदाराला सांगितले, लागला नाही, मी मारला, तसेच लिहा. त्याने पेन उचलून विचारले की आजोबा, विचार करून बोलताय ना. मी म्हणालो, या वेळी हो.

मी जामिनावर घरी आहे. गाडी मुद्देमाल म्हणून पोलिसांच्या आवारात आहे. आता हे पत्र का लिहिले ते सांगतो. माझ्या वकिलाने मावशीच्या मुलीकडून तुझा पत्ता मिळवला आहे. तू येऊन न्यायालयाला उजवा हात दाखवलास आणि घडले ते सांगितलेस तर माझी शिक्षा निम्म्यावर येईल, असा त्याचा हिशेब आहे, आणि तो बहुधा बरोबर आहे. या आठवड्यात त्याचे पत्र तुला येईल. त्याला नकार कळव, किंवा काहीच कळवू नकोस. तो आर्जवे करील, म्हाताऱ्या भावाचे वय सांगेल; बधू नकोस. तू डाव्या हाताने कापड बेतायला शिकलीस आणि तुझ्या दुकानात आता चार जणी कामाला आहेत, एवढे मला कळले आहे. ते दुकान एक दिवसही बंद ठेवू नकोस. तुझे म्हणणे एकदा एका टेबलासमोर तपासले गेले; ते दुसऱ्यांदा तपासले जाणार नाही, एवढे मी अजून करू शकतो. सरकारी वकिलाचा प्रत्येक आरोप मी मान्य करणार आहे, म्हणजे साक्षीची गरजच उरणार नाही.

विधान सिद्ध झाले. माझी चूक खाली लिहितो, आणि तिच्याखाली सही करतो.

हात गळ्यात अडकवून तू माझ्या दारात आलीस, तेव्हा मी तुला तीन प्रश्न विचारले. "फार लागलं का ग?" हा त्यांत नव्हता.

तुझाच,
दादा