सहाव्या मजल्यावर उतरलेलं टेबल

एदोगावा, रविवार

तीर्थस्वरूप जयमालाअक्कास,

गुणवंताचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी डावा हात आणि डावा गुडघा ही दोन अंगं कालपासून रजेवर आहेत, तेव्हा नमस्कार षडंग आहे असं समजून गोड मानून घ्यावा. कारण पुढे येईलच.) ऑपरेशननंतर तुझे गुडघे कसे आहेत? व्यायाम करतेस, की व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंना चहा पाजून परत पाठवतेस? आम्ही तिघं खुशाल. सलोनीला मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते. त्यामुळे बापलेकीचं भांडण असं होत नाही. ते कोणत्या भाषेत करायचं हेच ठरत नाही.

तर अक्का, टेबल. गेल्या दिवाळीत फोनवर तू म्हणालीस, "जमिनीवर बसून जेवायचं आणि वर जिने चढायचे असतील, तर तुझा जपान तुला लखलाभ." हा पूर्वपक्ष मी मनाला लावून घेतला. अकरा वर्षं आम्ही वीतभर उंचीच्या टेबलाशी मांडी घालून जेवतो आहोत. तिथे तू बसलीस तर तुला उठवायला अग्निशमन दल बोलवावं लागेल, हे मलाही मान्य. तेवढ्यात शेजारच्या इचिकावा शहरातले आमचे मित्र धीरज आणि राधिका कायमचे पुण्याला परत निघाले आणि त्यांचं सहा माणसांचं ओक लाकडाचं टेबल, शनिवारपर्यंत उचललं तर, आम्हाला असं ठरलं. टेबल घरात आलं तर अक्का येणार, नाही तर नाही, इतकं ते सरळ होतं.

सरळ नव्हती ती आमची इमारत. पन्नास वर्षांपूर्वी बांधताना कुणा काटकसरी माणसाने लिफ्ट फक्त पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मजल्यावर थांबेल अशी सोय केली. (इथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात.) आम्ही सहाव्यावर. म्हणजे घरी यायचं तर सातव्यावर जाऊन एक मजला उतरायचं आणि बाहेर पडायचं तर दोन मजले उतरून चौथ्यावर लिफ्ट धरायची.

आता इथली रीत अशी, की मोठं सामान यायचं असेल तर शेजाऱ्यांना आधी सांगून, आवाजाबद्दल क्षमा मागून, हातावर काहीतरी ठेवायचं. सलोनी म्हणाली, मी दोन ओळींची चिठ्ठी लिहून देते, दारांत टाका. पण तुझा भाऊ नुसत्या चिठ्ठीवर भागवेल? विभाने बेसनाचे लाडू वळले आणि मी घरोघर गेलो. वाकून म्हणालो, की शनिवारी सामानवाले येतील, तुम्हाला त्रास होईल. अकरा वर्षं तुम्ही आम्हाला सांभाळून घेतलंत, त्याचे उपकार फिटणार नाहीत. बायका गहिवरल्या. मला वाटलं, लाडू जमले आहेत.

अक्का, हे सगळं इथे लोक घर सोडून जाताना म्हणतात. शब्दन् शब्द. त्यात याच वसंतात इमारतीतली दोन भारतीय कुटुंबं मायदेशी गेली. 'आम्ही जात नाही' एवढं सांगायचं मी विसरलो. पण ते सांगायला कोण कुणाच्या घरी जातं?

शनिवारी टेबल आलं. पाय सुटे होत नव्हते आणि लिफ्टमध्ये ते मावत नव्हतं. तेव्हा आमचे रखवालदार मोरीसान किल्ली घेऊन आले आणि लिफ्टच्या मागच्या भिंतीतलं एक छोटं दार त्यांनी उघडलं. अकरा वर्षांत मला ते दार आहे हेच माहीत नव्हतं. रुग्णाला झोपवून न्यायला लिफ्ट लांब करायची ही सोय. (ते दार आणखी कुणासाठी उघडतात, हेही मोरीसानांनी आदराने सांगितलं. सलोनीने आईला त्यातलं अर्धंच सांगितलं.) टेबल सातव्यावर पोचलं, तिथून एक मजला उतरवलं, आमच्या दारासमोर ठेवलं. एक कोपरा मी धरला होता. हाताचं आणि गुडघ्याचं ते कारण. मग दोघे कामगार आमच्या दाराच्या चौकटीला गाद्या बांधायला आत गेले, मी बूट आवरायला.

बाहेर येतो तर टेबल नाही.

सातव्या आणि पाचव्या मजल्यावरच्या आठ जणांनी (सरासरी वय पंच्याहत्तर) जिन्यावरून खाली येणारं टेबल पाहिलं होतं. जाणाऱ्या माणसाला तेवढीच मदत, म्हणून त्यांनी ते चकार शब्द न काढता उचललं आणि चौथ्या मजल्यावर लिफ्टपाशी नेऊन ठेवलं. आम्ही धावत खाली गेलो तर सगळे रांगेत उभे, हातात निरोपाच्या भेटी. चौथ्यावरच्या एक्क्याऐंशीच्या होशिनोसान डोळे पुसत होत्या. माझं सगळं व्याकरणशुद्ध जपानी त्या क्षणी मला सोडून गेलं. शेवटी सलोनीच म्हणाली, "आम्ही कुठे जात नाही. आत्याला जमिनीवर बसता येत नाही, म्हणून हे वर चाललंय."

मग होशिनोसान म्हणाल्या, "म्हणजे मी सकाळपासून रडतेय ते फुकट?" आणि जिना अख्खा हसला. मोरीसान तर लिफ्टचं दार धरून हसत होते. टेबल त्याच मागच्या दारातून पुन्हा सातव्यावर गेलं, पुन्हा उतरलं. या वेळी वरात बारा माणसांची होती.

जिन्यांचं म्हणशील तर सिद्धान्त ऐक. आमच्या घरी येताना एक मजला उतरायचं, जाताना दोन. चढायचं कधीच नाही. तुझ्या पूर्वपक्षाचं दुसरं कलमही निकालात निघालं.

तुझा धाकटा,
गुणवंत

ता. क. टेबलाच्या सहाही खुर्च्या धीरजने आधीच पलीकडच्या कोतो भागातल्या कुणाला देऊन टाकल्या होत्या, हे टेबल घरात आल्यावर कळलं. काल दुपारी आम्ही त्या भव्य टेबलाशेजारी जमिनीवर बसून जेवलो.

आणखी एक. ही बातमी मोरीसानांनी इमारतभर केली. इथे मोठी वस्तू टाकून द्यायची तर आधी तारीख घ्यावी लागते, वर चिठ्ठी चिकटवावी लागते. त्यामुळे घरोघर एकतरी नकोशी खुर्ची असते. आज सकाळपासून आमच्याकडे नऊ आल्या. एकीला दुसरीची उंची माहीत नाही.

आणि शेवटचं. होशिनोसानांनी मात्र खुर्ची दिली नाही. त्यांच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ताई आल्या की स्वतःची खुर्ची घेऊन समोर बसायला येईन, म्हणाल्या. कालपासून तीनदा तारीख विचारली. मी एप्रिल सांगून बसलोय. तेव्हा तिकीट काढ. नाही आलीस, तर मला पुन्हा लाडू घेऊन घरोघर क्षमा मागत फिरावं लागेल, आणि त्याचा इथे काय अर्थ होतो ते तुला आता ठाऊक आहे.