१४१०५६ नंबरची नोट

नाशिकरोड, १९ जुलै १९८१

ती. कलाताईस,
धाकट्या भिकाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. फक्त सुमन माझ्यावर डाफरते आहे. त्याचं कारण तुला सांगतो, म्हणजे तुलाही कामाला लावता येईल. येत्या चौदा ऑक्टोबरला आई-तात्यांनी नागपूरला दीक्षा घेतल्याला पंचवीस वर्षं होतील. आई असती तर तिने घर डोक्यावर घेतलं असतं. ती गेल्यापासून तात्या दारातल्या खुर्चीत बसून असतात, विचारलं तेवढंच बोलतात. त्या दिवशी मी त्यांना एक रुपयाची एक नोट देणार आहे. नंबर पाहिजे १४१०५६. चौदा, दहा, छप्पन!

म्हणून मी पगार एकेकच्या वापरलेल्या नोटांत घेतो. आमच्या बँकेचा हेडकॅशियर खूश, कारण ती बंडलं कुणालाच नको असतात. रविवारी सकाळी आम्ही दोघं चटईवर बसतो. शेवटी छप्पन दिसले तरच अलीकडचे आकडे वाचायचे. तपासलेली बंडलं बँकेत भरायची आणि दुसरी आणायची. वाण्याला चाळीस रुपये एकेक करून मोजताना सुमनला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तूही पेठच्या बाजारात नजर ठेव. तात्यांना काही कळवू नकोस. त्यांना मी बँकेचं काम घरी आणलंय असं सांगितलं आहे.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा भिका

पेठ, ९ ऑगस्ट १९८१

चि. भिकास व सौ. सुमनला,
ताईचे अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, बँकेचं काम म्हणून सांगितलंस? मला तात्यांचं कार्ड आलं. भिका बँकेच्या नोटा घरी आणतो, सुनेलाही सामील करून घेतलंय, आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही, तू त्याला समजाव, असं लिहिलंय. कार्ड वाचून मी इतकी हसले की शेजारच्या ठमाबाई काय झालं म्हणून धावत आल्या. तो त्याचाच पगार आहे, फाटक्या नोटा निवडतो, असं तात्यांना कळवलं आहे. बापाच्या नजरेत चोर ठरता ठरता वाचलास.

आता माझी फजिती ऐक. बाजारात एका आजीने नाचणीचे सुटे पैसे परत दिले, त्यात मला १४१०६५ मिळाली. मी पासष्टला छप्पन समजले आणि आनंदाच्या भरात शाळेतल्या सगळ्यांना चहा पाजला. चहा मी पाजला आणि चूक दाखवली ती आमच्या शिपायाने.

चौदा तारखेला मला येता येणार नाही, सहामाही परीक्षा आहे. फार वाईट वाटतं. पण नोट मिळाली तर मी तिथे असल्यासारखंच होईल. सुमनची थट्टा फार करू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची कलाताई

नाशिकरोड, ५ ऑक्टोबर १९८१

ती. कलाताईस,
जयभीम, जयभीम, जयभीम!

मिळाली! काल रविवारी सकाळी. मला नाही, सुमनला, आणि तेही मी तपासून बाजूला ठेवलेल्या बंडलात! भाजीबाजारातली नोट, हळद लागून दुसरीला चिकटलेली. माझ्या बोटांना ती एकच वाटली. सुमनने बंडल पुन्हा मोजलं, तर शंभराच्या एकशे एक झाल्या. तिने नखाने दोन्ही अलगद सोडवल्या आणि नोट माझ्या मांडीवर ठेवली. आता ती मला दर जेवणाला विचारते की बँकेने कॅशियर कुणाला नेमलंय.

मी तर रडलोच, तुझ्यापासून काय लपवायचं. आता ती फ्रेममध्ये घालायला दिली आहे. तात्या काय म्हणतील याच्या धास्तीने झोप नाही. चौदा तारखेला काय झालं ते लगेच कळवतो.

कृपा असावी, चहा पुन्हा पाजावा.
तुझा भिका

नाशिकरोड, १५ ऑक्टोबर १९८१

चि. कलाबाईस,
तात्यांचा आशीर्वाद व जयभीम.

भिका पत्र लिहिणार होता, मी त्याच्या हातून कागद घेतला. काल त्याने व सुमनने मला नोट दिली. नंबर वाचला आणि मला हसू आवरेना. भिका घाबरला. मग मला त्यांना खरं सांगावं लागलं, ते तुलाही सांगतो.

पोरी, चौदा तारखेला मी दीक्षा घेतलीच नाही. नागपूरला जाताना भुसावळला मी भजी घ्यायला उतरलो आणि गाडी सुटली. तू आईच्या बोटाला, भिका तिच्या काखेत, आणि मी फलाटावर भजी धरून. मी पोचलो तोवर तिची दीक्षा झाली होती. मागाहून आलेल्यांबरोबर माझी झाली पंधराला.

चारचौघांत तिने कधी शब्द काढला नाही, माझी लाज राखली. पण घरात आमचं वाजलं की म्हणायची, मी तुमच्यापेक्षा एक दिवसानं थोरली हाय, माझं ऐकायचं. चोवीस वर्षं ऐकलं. वर्ष झालं, हे म्हणणारं कुणी नाही. ते मला फार लागतं.

तर नोट तिची आहे. तिच्या फोटोजवळ लावली. सुमन हसली, मग रडली. भिका लगेच म्हणाला की उद्यापासून तुमची १५१०५६ शोधतो. मी त्याला सांगितलं, शोध, पण घाई करू नको. तिच्या एक दिवस मागं राहायची मला सवय आहे.

परीक्षा झाली की ये. थोरलीचा हक्क आता तू चालव.
तुझा तात्या, धोंडीराम पगारे