पोट भरलंय, मॅडम

प्रिय रोसेल,

तुझा निरोप पोचला. राजीनामा लिहून तयार आहे, सोमवारी मुख्याध्यापकांच्या हातात देणार आणि भावाच्या ओळखीनं कॉल सेंटरला लागणार म्हणतेस. "मनांग, पोरं माझ्याशी बोलतच नाहीत. मी कसली समुपदेशक? मी स्टेज सजवणारी बाई!" शाळेत मॅडम म्हणायचीस, आता थोरल्या बहिणीसारखं मनांग म्हणतेस. वाचून आधी राग आला, मग हसू. अगं, मलाही दर समारंभाला फुगे फुगवायला बसवायचे, गाल दुखायचे माझे. "नाही सर, त्या वेळी माझी मुलं येतात," एवढं वाक्य तोंडातून निघायला बरीच वर्षं गेली.

इथे इलोइलोच्या शाळेत मी नवी समुपदेशक होते तेव्हा सगळं पुस्तकाबरहुकूम करायचे. समोरासमोर खुर्च्या, डोळ्यांत डोळे घालून "तुला काय वाटतं?" पोरं मान खाली घालून म्हणायची, "बरी आहे, मॅडम." ज्या खोलीकडे निघालेल्या पोरीला अख्खा वर्ग "काय चोरलंस गं?" म्हणून चिडवतो, तिथे कोण कशाला मन मोकळं करेल? शेवटी वैतागून मी कँटीनमागच्या बाकावर डबा उघडून बसायला लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, "या खायला." आपल्याकडे खाणारा असं म्हणतोच आणि ऐकणारा "पोट भरलंय" म्हणत पुढे जातोच. खरं कुणीच धरत नाही.

तू मात्र, तेव्हाची माझी विद्यार्थिनी, थांबलीस. केळीच्या पानातला माझा सुमान सरळ उचललास, आणि तो चिकट गोड भात तोंडात असतानाच रडायला लागलीस. बोटीवर नोकरीला असलेल्या बाबांनी दुसरं घर केलंय, हे तू आईलाही सांगितलं नव्हतंस. रीत सोडून जे पोर बसतं ते सांगायलाच आलेलं असतं, हे कुठल्या पदवीनं नाही, तू शिकवलंस मला. त्यानंतर मी रोज डब्यात थोडं जास्त न्यायला लागले.

आता निवृत्त झाले तरी नव्या समुपदेशक मुली आमच्या अंगणात जमतात, एकमेकींच्या अडचणी ऐकतात. माझ्या डब्याची टिंगल करतात आणि पुढच्या खेपेला स्वतःचा डबा आणतात. त्यांना मी तुझं उदाहरण देते. त्या गेल्या की घर मोठं वाटतं. माझा नवरा, नेस्तोर, देवाघरी गेल्यापासून भात अजून दोघांचाच शिजतो. चर्चमध्ये सगळे विचारतात, कशी आहेस फेली? मी म्हणते, बरी आहे. इतकी वर्षं ज्या उत्तराला फसले नाही, तेच आता लोकांच्या तोंडावर फेकते बघ.

म्हणून हे लिहिते आहे. तुझं मन वळवायला नाही. मला कुणाशी तरी बोलायचंय, आणि ओळखीतल्या सगळ्या समुपदेशकांमधून मला तू हवी आहेस. शुक्रवारी दुपारच्या बोटीनं तुझ्या बेटावर, गिमारासला येते. राजीनामा सोमवारी खुशाल दे, पण शुक्रवारी तू कामावर आहेस. तुझ्या शाळेच्या कँटीनमागे बाक नसेल तर पायरी चालेल. डबा उघड आणि म्हण, "या खायला, मनांग." मी पोट भरलंय म्हणणार नाही.

तुझीच, भुकेली
मनांग फेली