हरवलेले एकशे तीस किलो

प्रिय रंध्या,

वजनकाटे वखारीतलेच होते, म्हणून लेकीचा प्रयोग फुकटात झाला असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो. खरा हिशेब असा: दोन रविवार, तळहातांची सालं, लेकीचा चार दिवसांचा अबोला आणि तू. हल्ली वखारीसमोरून जायचं टाळून तू लांबच्या रस्त्याने सुतारकामाला जातोस, तेही त्यातच धर.

रस्सीखेचीला भौतिकशास्त्र लावते म्हणून ती कॉलेजातून वही घेऊन मैदानावर आली. खांबाला दोर, दोराला काटा. एकेकट्याने ओढलं तेव्हा आपल्या संघातल्या आठांची बेरीज सहाशे चाळीस किलो. मिळून ओढलं तर काटा पाचशे दहावरच अडला. ती म्हणाली, बाबा, असं होतंच, सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही. कोणाला कुठे उभं करायचं ते मी गणिताने काढते. मी म्हटलं, गणित राहू दे, एकशे तीस किलो कोण खातंय ते सांग. हमाली करून मी लाकडाची वखार उभी केली, ओंडका आतून पोकळ आहे का ते ठोकून ओळखतो. त्यात मी शेवटचा गडी, साती पाठी माझ्यासमोर. तीस वर्षांत माझ्या हातून दोर कधी ढिला पडला नाही, हे तूच लोकांना सांगायचास.

मग मी कान लावला. सहा जणांचा ‘हं’ एकदम यायचा, माझ्या पुढ्यातला तुझा अर्धा क्षण मागे. आपल्यातल्या न्हाव्याला विचारलं, तर तो म्हणाला, शेठ, मलाही तेच वाटत होतं. त्याला काय, मला वाटेल ते त्याला वाटतंच. शिवाय तुझा मेहुणा आपल्याशी भिडणाऱ्या गोदीवाल्यांच्या संघात. झालं! सगळ्यांदेखत तुला म्हणालो, दोर ओढतोस की वाळत घालतोस? तू दोर खाली ठेवलास, हात झटकलेस आणि गेलास. बोलला नाहीस, म्हणजे चोरच, असं मी धरलं.

तुझ्या जागी रंगारी घेतला. एकट्याने ओढताना अगदी तुझ्याइतकाच. पण सगळ्यांबरोबर काटा चारशे साठवर आला आणि त्याचाही ‘हं’ मागे पडू लागला. म्हणे, मागून हिसका येईल म्हणून थांबतो, तो येतच नाही, मग दोघांचं एकट्यालाच ओढावं लागतं. लेकीने ऐकलं. काल ती मुकाट्याने आली आणि दुसरा काटा दोरात बांधून गेली, बरोबर माझ्या पुढ्यात.

रविवारी गोदीवाल्यांशी शेवटचा सामना आहे. शेवटची जागा तू घे, मी तुझ्यापुढे उभा राहतो, कानात कापूस घालून. तिच्या गणितातही हेच येतंय, पण मी बोलावतोय ते गणितासाठी नाही. तुला सगळ्यांदेखत बोललो, माफीही सगळ्यांदेखत मागेन. तू ये. एकट्याने ओढताना माझे नव्वद किलो भरले होते. कोण ढिला सोडतंय ते ऐकत मागे उभा होतो, तेव्हा माझ्या काट्यावर भरले अकरा.

तुझाच,
वखारवाला